शीण प्रवासाचा आणि शीण थायरॉईडचा

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला आपल्या थकव्याचे कारण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पहाटे उठून डबे भरावेत, सात-साडेसातची जलद गाडी कशीबशी पकडावी, तासभर उभ्याने प्रवास करून मुंबई गाठावी आणि अंधार पडल्यावर त्याच गर्दीतून घरी परतावे, असा ज्यांचा नित्यक्रम आहे त्यांनी थकव्याची तक्रार केली, तर ऐकणारा मान डोलावतो आणि 'हा लोकलचा प्रताप' असा निवाडा देऊन मोकळा होतो. हा निवाडा पुष्कळदा बरोबरही असतो; परंतु जेव्हा तो चुकतो तेव्हा गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा दोष रेल्वेच्या माथी मारला जातो आणि साध्या रक्ततपासणीने कळणारा, स्वस्त गोळीने आटोक्यात राहणारा विकार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेषच घडते, कारण थायरॉईडचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात, आणि नोकरी, घर व मुले सांभाळणारी बाई थकली तर ती का थकली असा प्रश्न घरात सहसा कोणी विचारीत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही याच शहरांतून होत असते. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात तपासणीचे शिबिर भरते, स्वस्तातले 'पॅकेज' म्हणून पन्नास चाचण्यांचा अहवाल हाती येतो, त्यात टीएसएच या थायरॉईडच्या चाचणीचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला दिसतो आणि कालपर्यंत धडधाकट असलेला गृहस्थ आज स्वतःला रोगी समजू लागतो. दरवर्षी २५ मे रोजी पाळल्या जाणाऱ्या जागतिक थायरॉईड दिनाचा खरा उपयोग या दोन्ही चुका टाळता येण्यात आहे, आणि प्रस्तुत लेखातील सूचना त्याच हेतूने केल्या आहेत. हा विषय किरकोळ नाही. मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांना मंद थायरॉईडचा विकार असल्याचे दिसून आले, आणि त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

ग्रंथीचा कारभार

थायरॉईड, अर्थात अवटू ग्रंथी, ही गळ्याच्या पुढील भागात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून बसलेली, पंधरा ते पंचवीस ग्रॅम वजनाची ग्रंथी होय. आहारातून मिळणाऱ्या आयोडीनपासून ती टी-४ आणि टी-३ अशी दोन संप्रेरके तयार करते, आणि हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, मासिक पाळी, मनाची उभारी आणि मुलांची वाढ या सर्वांवर त्या संप्रेरकांचा अंमल चालतो. ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची. तिच्याकडून येणारे टीएसएच म्हणजे वरिष्ठ कचेरीने तालुक्याच्या दप्तरास धाडलेला तगादाच: खालचे काम वेळच्या वेळी होत असेल तर तगादा सौम्य, काम तुंबले की तगाद्यावर तगादे, आणि काम गरजेपेक्षा अधिक होऊ लागले की कचेरी गप्प. म्हणून कागदावर टीएसएच वाढलेले दिसले तर बहुधा ग्रंथी मंदावलेली असते आणि ते जवळजवळ शून्यावर गेले तर ग्रंथी अतिरेक करीत असते. हा उलटा हिशेब एकदा ध्यानात आला म्हणजे 'टीएसएच वाढले, अर्थात थायरॉईड जास्त काम करतो' हा नेहमीचा गैरसमज दूर होतो.

ग्रंथी मंदावण्याचे आपल्याकडील शहरांतून आढळणारे प्रमुख कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने आपल्याच ग्रंथीला परके मानून तिच्यावर केलेला हल्ला. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्या विकाराला मिळाले. तो घराण्यात चालत येण्याचा संभव असतो. आई, मावशी किंवा बहीण थायरॉईडची गोळी घेत असेल, तर घरातील इतर स्त्रियांनी आपल्या लक्षणांकडे थोडे अधिक लक्ष द्यावे.

लक्षणे ओळखावीत कशी

मंद थायरॉईडची लक्षणे सुटी पाहिली तर क्षुल्लक भासतात. एकत्र मांडली म्हणजे त्यांचा अर्थ लागतो. झोप पुरी होऊनही अंग जड वाटणे, आहार पूर्वीइतकाच असता वजन काही किलोंनी वाढणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर व डोळ्यांभोवती सूज, पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, विसरभोळेपणा आणि कारण नसता येणारी उदासी ही त्यांतील मुख्य होत. थंडी सहन न होणे हे आणखी एक लक्षण, आणि डोंबिवलीसारख्या दमट गावात ते ओळखणे अवघड नाही: भर मे महिन्याच्या दुपारी सारे घर पंख्याखाली बसलेले असता जी बाई पदर लपेटून बाजूला सरकते आणि 'पंखा जरा हळू करा' म्हणते, तिची तपासणी करून घेणे इष्ट. ग्रंथी सुजून गळा भरू लागला तर तोही प्रथम नजरेत येतो तो दागिन्यांमुळे. गेल्या लग्नसराईत नीट बसणारी ठुशी यंदा फाशापर्यंत येत नाही आणि दोरा ढिला करावा लागतो, एवढीही खूण पुरेशी समजावी.

प्रवासाचा शीण आणि ग्रंथीचा शीण यांतील तफावत पाहण्याची एक ढोबळ कसोटी घरच्या घरी लावता येते. प्रवासाने आलेला शीण रविवारी उशिरापर्यंत झोपल्यावर, दिवाळीच्या सुटीत किंवा माहेरी चार दिवस विसावल्यावर उतरतो. ग्रंथीमुळे आलेला शीण सुटीतही तसाच राहतो आणि त्याच्या जोडीला वर सांगितलेल्यांपैकी दोन-तीन लक्षणे असतात. अर्थात विश्रांतीने न जाणारा थकवा केवळ थायरॉईडमुळेच येतो असे नाही. रक्तक्षय, मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य हीदेखील त्याची नित्याची कारणे आहेत, म्हणून डॉक्टर टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन व साखर पाहावयास सांगतात, ते अनाठायी नव्हे.

अतिकार्यशील थायरॉईडचे चित्र याच्या विरुद्ध असते. भूक चांगली असून वजन घटते, छातीत धडधड होते, हात पुढे धरले तर बोटे थरथरतात, घाम फार येतो, झोप उडते, स्वभाव चिडका होतो आणि काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. वजन उतरल्याबद्दल शेजारीपाजारी अभिनंदन करीत असतात, त्यामुळे हा विकार अधिकच लपून राहतो. ज्येष्ठांमध्ये कित्येकदा केवळ नाडीची अनियमितता एवढेच लक्षण दिसते.

तपासणी आणि तिचा अर्थ

लक्षणे असलेल्या व्यक्तींखेरीज ज्यांनी तपासणी करून घेणे योग्य ठरते त्यांची यादी फार लांब नाही: ज्यांच्या जवळच्या नात्यात हा विकार आहे, ज्यांना टाइप-१ मधुमेह किंवा अंगावर पांढरे डाग आहेत, ज्यांना गर्भधारणेत अडचण येते वा वारंवार गर्भपात झाला आहे, ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, ज्यांच्या मानेवर पूर्वी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले आहेत, आणि जे लिथियम किंवा अमिओडॅरोन ही औषधे घेत आहेत. सुरुवातीस टीएसएच ही एकच चाचणी बहुधा पुरते; त्यात दोष दिसल्यास फ्री टी-४ पाहतात. ग्रंथीवरील हल्ल्याची खूण असलेल्या प्रतिपिंडांची चाचणी डॉक्टरांनी सांगितल्यास एकदा केली की साधारणतः पुरे. दर सहा महिन्यांनी तिच्यावर पैसे खर्च करण्यात हशील नाही.

अहवालावर प्रौढांसाठी टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास छापलेली असते, प्रयोगशाळेगणिक ती थोडी बदलते, आणि वय वाढेल तसा हा आकडा स्वाभाविकपणेच किंचित वर सरकतो. म्हणून पाच-सहाचा आकडा पाहून जन्मभराची गोळी सुरू करण्याची घाई करू नये. दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी, लक्षणे व फ्री टी-४ विचारात घ्यावे आणि मग डॉक्टरांनी निर्णय द्यावा. आकडा दहाच्या वर टिकून असेल तर मात्र उपचार बहुधा आवश्यक ठरतो. गरोदर स्त्रियांना हा सबुरीचा नियम लागू नाही. त्यांच्याविषयी पुढे सांगितले आहे.

टीएसएचसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. तथापि दिवसाच्या वेळेनुसार हा आकडा खालीवर होत असल्याने दर वेळी शक्यतो त्याच वेळी, सकाळी, आणि त्याच प्रयोगशाळेत रक्त द्यावे. केस व नखे चांगली व्हावीत म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते. त्याने अहवाल फसवा येऊ शकतो, यासाठी तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात. तापात किंवा मोठ्या आजारातून उठत असताना केलेली तपासणीही दिशाभूल करते.

या चाचण्या आज गल्लीतील रक्तसंकलन केंद्रापर्यंत पोचल्या आहेत, त्यामागे मुंबई-ठाण्याचा स्वतःचा इतिहास आहे. अणुशक्ती खात्याने १९६३ साली परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन केले आणि थायरॉईडचे निदान, उपचार व संशोधन हे त्याचे एक प्रमुख कार्य राहिले. रक्तातील संप्रेरकांचे अतिसूक्ष्म प्रमाण किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत तेथे रुळली. त्याच केंद्रात नोकरीस असलेले डॉ. ए. वेलुमणी यांनी थायरॉईडच्या जीवरसायनशास्त्रात मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९९६ साली थायरोकेअर ही संस्था काढून, ठिकठिकाणचे नमुने एका मोठ्या प्रयोगशाळेत आणून कमी दरात तपासण्याची तजवीज केली. ती प्रयोगशाळा ठाणे जिल्ह्यातच, तुर्भे येथे उभी राहिली. हा उल्लेख कोणाची शिफारस म्हणून केलेला नाही. चाचणी स्वस्त झाली हा लाभच झाला; परंतु चाचणी मागविण्याचा आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार दरपत्रकाकडे न जाता डॉक्टरांकडेच राहिला पाहिजे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गोळीचा नियम

मंद थायरॉईडचा इलाज म्हणजे ग्रंथीला जे तयार करता येत नाही ते थायरॉक्सिन गोळीच्या रूपाने रोज देणे. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा आहे. अडचण येते ती नियमाची. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी किंवा न्याहारी घेऊ नये. गाडीच्या वेळेवर ज्यांचे घड्याळ चालते त्यांना हा अर्धा तास जड वाटतो. त्यांनी गोळीची बाटली आणि पाण्याचे भांडे रात्रीच उशाशी ठेवावे, गजर बंद करताच गोळी घ्यावी, आणि आंघोळ व डबे होईपर्यंत चहाची वेळ आपोआप येते. हेही जमत नसेल तर डॉक्टरांच्या संमतीने रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, निजण्यापूर्वी गोळी घेता येते. मात्र वेळ एकदा मुकर्रर केली की ती बदलत राहू नये.

लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील काही औषधे थायरॉक्सिनचे शोषण रोखतात, म्हणून त्यांच्यात व या गोळीत चार तासांचे अंतर असावे. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या भगिनींनी आणि रमजानचे रोजे पाळणाऱ्यांनी गोळी रात्री किंवा पहाटे कशी घ्यावी हे आधीच विचारून ठेवावे. गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि २५, ५०, ७५, १०० अशा निरनिराळ्या बाटल्या दिसावयास सारख्याच असतात. दुकानातून निघण्यापूर्वी बाटलीवरील आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा, आणि कंपनी परस्पर बदलू नये. खाडीकाठच्या दमट हवेत औषध लवकर बिघडते, तेव्हा बाटली न्हाणीघरात किंवा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर न ठेवता झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवावी.

मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे, कारण त्यापूर्वी तो आकडा स्थिरावत नाही. पुढे सहा महिन्यांनी वा वर्षाने तपासणी पुरते. अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. तो नॉर्मल आला आहे तो गोळी घेतल्यामुळेच. वजन उतरावे म्हणून स्वतः मात्रा वाढविणे त्याहून घातक, कारण अतिरिक्त थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे ठिसूळ होतात. धण्याचे पाणी, काढे किंवा गुग्गुळ यांच्या जाहिराती 'मुळापासून सुटका' असे आश्वासन देतात. धण्याचे पाणी प्यायचे तर प्यावे, इतर औषधे घ्यायची तर वैद्य आणि डॉक्टर दोघांच्या कानांवर घालून घ्यावीत, पण थायरॉक्सिनची गोळी त्यांच्या भरवशावर सोडू नये. कोबी-फ्लॉवर सर्वस्वी वर्ज्य करण्याचेही कारण नाही. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या या भाज्यांनी अपाय होत नाही.

गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बालक

पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची ग्रंथी कामास लागलेली नसते आणि त्याच्या मेंदूची घडण आईच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. म्हणून ज्या स्त्रिया आधीपासून गोळी घेत आहेत त्यांनी गर्भधारणेचा विचार करतानाच टीएसएच तपासून घ्यावे आणि दिवस राहिल्याचे कळताच पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, कारण या काळात मात्रा वाढवावी लागते. गरोदरपणात गोळी बाळाला बाधते या समजुतीने ती बंद करणे हे बाळाचेच नुकसान करणे होय. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली गरोदरपणातील मंद थायरॉईडच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तेव्हा पहिल्याच नोंदणीच्या वेळी, मग ती महापालिकेच्या रुग्णालयात असो वा खासगी प्रसूतिगृहात, 'माझी थायरॉईडची तपासणी करावयाची का' असे विचारण्यास संकोच बाळगू नये. गरोदरपणात लोह व कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात, त्यामुळे थायरॉक्सिन पहाटे, लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री, अशी वाटणी घरातील सर्वांना माहीत असलेली बरी.

बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांच्या ग्रंथीला दाह होतो; प्रथम धडधड व चिडचिड आणि काही महिन्यांनी थकवा व उदासी असा त्याचा क्रम असतो. जागरणे आणि बाळाचे करणे यांच्या सबबीखाली तो दडून जातो, म्हणून बाळ चार-सहा महिन्यांचे झाले तरी आई सावरत नसेल तर सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांनी 'होईल हळूहळू' एवढ्यावर समाधान मानू नये.

नवजात बालकाविषयीची सूचना या लेखात सर्वांत महत्त्वाची. सुमारे हजार बालकांत एखादे बालक थायरॉईडच्या जन्मजात न्यूनतेसह जन्मास येते, आणि जन्मतः ते बहुधा अगदी निरोगी दिसते. काविळीचे लांबणे, घोगरे रडणे, मोठी जीभ, बद्धकोष्ठ ही लक्षणे दिसू लागेपर्यंत मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो आणि मग ती हानी भरून येत नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन केलेल्या तपासणीने हा दोष कळतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखेच वाढते. ही तपासणी सर्वत्र आपोआप होतेच असे नाही. म्हणून प्रसूतिगृहातून घरी येण्यापूर्वी ती झाली का हे पित्याने विचारावे आणि अहवालाचा कागद हाती घेऊनच निघावे.

मिठागरांचा शेजार आणि घरातील मीठ

भाईंदरची मिठागरे आपल्या जिल्ह्यातील, आणि मुलुंड-भांडुपची गाडीच्या खिडकीतून दिसणारी. यामुळे 'आपण समुद्राच्या काठची माणसे, आपल्याला आयोडीनची काय वाण' असे म्हणणारे आजही भेटतात. वस्तुतः समुद्राच्या पाण्यातील आयोडीन मुळातच थोडे असते आणि मीठ पिकविताना त्यातील फारच अल्प अंश मिठात उतरतो. आगरातले खडे मीठ चवीला कितीही चांगले असले तरी आयोडीनची गरज त्याने भागत नाही. समुद्राची मासळी, दूध आणि अंडी यांतून आयोडीन मिळते. शाकाहारी कुटुंबांची भिस्त मात्र मुख्यतः आयोडीनयुक्त मिठावरच असते.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण उतरत असल्याचे सिद्ध झाले, त्या आधारे १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर मनाई आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. प्रौढास रोज १५० आणि गरोदर स्त्रीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. रक्तदाबासाठी मीठ कमी केले तरी जे थोडे खातो ते आयोडीनयुक्तच असावे. चातुर्मासात महिनोन्‌महिने केवळ शेंदेलोणावर राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण शेंदेलोणात मुद्दाम घातल्याशिवाय पुरेसे आयोडीन नसते. मीठ लहान पिशवीतून आणावे आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटू नये म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवावे. भाजी-आमटीत ते शेवटी घालणे चांगले. उलटपक्षी, डॉक्टरांनी न सांगता आयोडीनच्या किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या घेऊ नयेत. आयोडीनचा अतिरेकही ग्रंथीला बिघडवितो.

गळ्यातील गाठ आणि अतिकार्यशील ग्रंथी

महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून, मान किंचित मागे टाकून पाण्याचा घोट गिळावा आणि गळ्याच्या तळाशी काही वरखाली सरकते का ते पाहावे. गाठ दिसली तरी घाबरून जाऊ नये. अशा बहुसंख्य गाठी साध्या असतात. मात्र सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने पेशी काढून केलेली तपासणी टाळू नये. गाठ झपाट्याने वाढत असेल, कठीण लागत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर विलंब करू नये. थायरॉईडच्या कर्करोगाचे सर्वाधिक आढळणारे प्रकार वेळेवर उपचार झाल्यास पुष्कळ अंशी बरे होतात.

अतिकार्यशील ग्रंथीवर गोळ्या, किरणोत्सर्गी आयोडीन आणि शस्त्रक्रिया असे तीन मार्ग आहेत. कार्बिमॅझोल ही गोळी घेत असता ताप येऊन घसा दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासाव्यात, कारण क्वचित प्रसंगी त्या धोकादायक प्रमाणात घटतात. किरणोत्सर्गी आयोडीन या नावाने लोक दचकतात. वाशी येथील बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेकडून पुरविले जाणारे हे औषध ग्रंथीतच साठते आणि दर आठ दिवसांनी त्याची किरणशक्ती निम्मी होते. परळच्या केंद्रात कित्येक दशके त्याचा वापर होत आला आहे. उपचारानंतर काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहण्याची जी सूचना मिळते ती काटेकोरपणे पाळावी. गरोदर स्त्रीला हा उपचार देत नाहीत. डोळे बाहेर आलेल्या रुग्णांनी तंबाखूचे धूम्रपान तत्काळ सोडावे, त्याने डोळ्यांचा विकार बळावतो. आणि थायरॉईडच्या कोणत्याही रुग्णाला तीव्र ताप, बेसुमार धडधड व बरळणे, किंवा उलट अंग गार पडून न जागे होणारी गुंगी आली, तर ती तातडीची अवस्था समजून थेट रुग्णालय गाठावे.

जागृतीचे काम

उपचाराची सुरुवात कोठून करावी असा प्रश्न पडलेल्यांसाठी ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही सार्वजनिक दालने आहेत. घराजवळचा विश्वासू फॅमिली डॉक्टर तर सर्वांत सोयीचा. प्रत्येक भेटीस जुने अहवाल तारखेनिशी एका फायलीत लावून न्यावेत, म्हणजे मात्रा केव्हा व का बदलली याचा मागोवा राहतो.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून लोकशिक्षणाचे काम करीत आहेत, आणि गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली डोंबिवलीतच सुरू झाली. विचार लोकांपर्यंत नेण्याची ही साधने ज्या शहरांपाशी आहेत तेथील महिला मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी व गणेशोत्सव मंडळांनी सरसकट सर्वांचे रक्त काढणारी शिबिरे भरविण्याऐवजी एखादे व्याख्यान ठेवावे, लक्षणांची यादी जिन्याखालच्या सूचनाफलकावर लावावी आणि संशय येणाऱ्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवावे. अशा कार्याचे यश किती चाचण्या झाल्या या आकड्यावरून मोजू नये; आपल्या प्रभागातील किती गरोदर स्त्रियांची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली, किती नवजात बालकांच्या टाचेचे रक्त वेळेवर तपासले गेले आणि गोळी सुरू झालेल्यांपैकी किती जण वर्षानंतरही ती नियमाने घेत आहेत, हे विचारावे आणि त्याचाच हिशेब पुढच्या २५ मे रोजी लोकांपुढे मांडावा.